जुन्या गाडीचं सस्पेन्शन: कोटेशन कसं काढायचं?

व्हिडिओतला पद्मिनीचा हिशेब इथे लिहून देतो.

प्रीमियर पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की बुश कडक होतात, शॉकअप गळतात. पण किती गेलंय ते खोलल्यावरच कळतं. म्हणून बाहेरून बघून भाव सांगायचा नाही. तपासणीचे १,५०० आधी घ्या, काम मिळालं की बिलातून वजा करा.

ग्राहकाला पहिलं विचारा: गाडी लग्नात मिरवायची, की वणीकडच्या कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर रोज चालवायची? त्यावर पार्ट ठरतात.

मग मांडणी (आकडे उदाहरणाचे):

पार्ट: १८,०००
लेथ, प्रेस, बाहेरचं काम: ४,०००
मजुरी: ८,०००
एकूण खर्च: ३०,०००
नफा, खर्चाच्या ३० टक्के: ९,०००
राखीव, खर्चाच्या २० टक्के: ६,०००

ग्राहकाला सांगा, "३९,०००, जास्तीत जास्त ४५,०००." राखीव रक्कम आपली कमाई नाही, लागली तरच घ्यायची, तीही व्हॉट्सॲपवर होकार घेऊन. पार्टचे १८,००० ॲडव्हान्स घ्या. नाहीतर खोललेली गाडी दुकानात उभी, जागाही अडली आणि भांडवलही.

एक सावधगिरी. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल आणि मालकाला २०२१ च्या केंद्रीय नियमाखाली विंटेज नोंदणी हवी असेल, तर चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही. चेसिस कापायच्या आधी विचारा.

आज आपल्या एका कामाची अशी सहा ओळींची शीट भरा. राखीवची ओळ रिकामी ठेवू नका.