माहितीपुस्तिकेतील शुद्धलेखन

ज्या संगणक-आज्ञावलीचे मूळ लेखन कोणासही वाचता व सुधारता येते, तिला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात. तिच्या माहितीपुस्तिकेतील चुकाही वाचकास सुधारता येतात. परंतु सर्व चुका एकाच जातीच्या नसतात. वाक्यातील शब्द चुकला, तरी मनुष्य तो संदर्भाने ओळखतो. आज्ञेतील एखादे अक्षर चुकले, तर यंत्र ती आज्ञा नाकारते.

१९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या नियमपत्रात ‘रेफरर’ या इंग्रजी शब्दातील लागोपाठच्या दोन ‘आर’ अक्षरांपैकी एक गळलेले आहे. असंख्य यंत्रे तेच रूप वापरीत असल्यामुळे ते अद्यापि कायम आहे.

लिनक्सच्या मूळ लेखनासोबत नेहमीच्या चुकांची व त्यांच्या शुद्ध रूपांची यादी असते. तिच्या साह्याने नवे लेखन तपासले जाते. तथापि यादीस रूप कळते, प्रयोजन कळत नाही. यास्तव वाक्यातील शब्द निःशंकपणे सुधारावा. यंत्राने वाचावयाचे नाव मात्र प्रथम आज्ञावलीशी ताडून पाहावे. ते जुळत नसेल तर पुस्तिका दुरुस्त करावी; जुळत असेल तर, अशुद्ध दिसले तरी, तसेच राहू द्यावे.