शेतकऱ्याची पोरं आणि जपानची फौज

आज आपण जपान देशाची हकिकत वाचू या. जपान आपल्या पूर्वेला, समुद्रातल्या बेटांवर वसलेला आहे. तिथे डोंगर फार, सपाट जमीन थोडी. मुख्य पीक भाताचे.

पूर्वी तिथला कारभार शोगुन नावाच्या सेनापतीच्या हाती होता. परक्या देशांशी येणे-जाणे जवळजवळ बंद होते. लढाई हे सामुराई लोकांचे काम. सामुराई म्हणजे पिढीजात लढवय्ये. शेतकऱ्याने भात पिकवायचा, त्यातला वाटा धन्याला द्यायचा आणि गप्प बसायचे.

१८५३ साली अमेरिकेची चार लढाऊ जहाजे जपानच्या किनाऱ्याशी आली. व्यापारासाठी बंदरे उघडा, अशी त्यांची मागणी होती. जहाजांवर मोठमोठ्या तोफा होत्या. जपानजवळ तसे काही नव्हते. पुढच्याच वर्षी त्याला करार करावा लागला. शेजारच्या चीनची परक्यांनी काय गत केली, हे जपानी लोक पाहत होते. आपण नवी विद्या शिकलो नाही, तर आपलीही तीच गत होईल, हे तिथल्या जाणत्यांनी ओळखले.

१८६८ साली शोगुनची सत्ता गेली. मेजी बादशहाच्या नावाने नवा कारभार सुरू झाला. ‘देश श्रीमंत, फौज बळकट’ हे त्या कारभाराचे ब्रीद होते. १८७२ साली पहिली आगगाडी धावली. त्याच वर्षी मुलामुलींनी शाळेत जावे असा हुकूम निघाला. कारखाने उभे राहिले.

पण या सगळ्याला पैसा कुठून आला? मोठा भाग शेतकऱ्याकडून आला. १८७३ साली साऱ्याचा नवा कायदा झाला. जमिनीच्या किमतीवर शेकडा ३ सारा, तोही रोख. पीक बुडाले तरी सारा ठरलेलाच. लोक खवळले, दंगे झाले. मग १८७७ साली सारा शेकडा अडीचवर आणला.

फौजेला माणसेही खेड्यातूनच मिळाली. १८७३ सालीच सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला. वीस वर्षांच्या तरण्या पोराने तीन वर्षे फौजेत राहायचे. २७० येन भरले की सुटका. एवढी रक्कम गरिबाने कुठून आणावी? सरकारच्या जाहीरनाम्यात ‘रक्ताचा कर’ असे शब्द होते. देशासाठी प्राण द्यायची तयारी, असा त्यांचा अर्थ. पण सरकार खरोखरच अंगातले रक्त काढून नेणार, असे कित्येक खेडुतांना वाटले. त्यावरूनही दंगे झाले.

१८७७ साली साइगो ताकामोरी या पुढाऱ्यामागे सामुराई बंड करून उठले. शेतकऱ्यांच्या पोरांच्या फौजेने ते बंड मोडले. पुढे १८९५ साली जपानने चीनला हरवले आणि तैवान घेतले. १९०५ साली रशियाला हरवले. आशियातल्या देशाने युरोपातल्या बड्या सत्तेला नमवले, म्हणून आपल्याकडेही कित्येकांना आनंद झाला. पण १९१० साली जपानने कोरिया गिळला. परक्यांच्या भीतीने उभी केलेली फौज आता शेजाऱ्यांच्या मानेवर बसली.

असे का झाले? जोमदार बैलालाही वेसण लागते. १८८९ च्या राज्यघटनेत फौजेचा हुकूम बादशहाच्या हाती दिला होता, लोकांच्या सभेच्या नव्हे. शाळेत पोरे लिहा-वाचायला शिकली. पण बादशहासाठी प्राण द्यावा, हेही त्यांच्या मनावर बिंबवले गेले. हुकूम बरोबर की चूक, हे विचारायची मुभा नव्हती. १९३१ साली मांचुरियात लष्करी अधिकाऱ्यांनी सरकारला न विचारताच लढाई उकरून काढली. त्यांना कोणी आवरू शकले नाही. १९३७ साली चीनशी मोठे युद्ध पेटले, १९४१ साली अमेरिकेशी. १९४५ साली हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब पडले. जपान शरण आला. शेजारच्या देशांत लाखो माणसे मेली होती. जपानच्या खेड्यांतलीही लाखो पोरे परत आली नाहीत.

१९४७ साली जपानमध्ये नवी राज्यघटना अमलात आली. युद्धाचा मार्ग सोडल्याचे तिच्यात लिहिले आहे. सत्ता लोकांची, असेही लिहिले आहे.

फौज उभी राहते ती आपल्या साऱ्यावर आणि आपल्या पोरांवर. म्हणून तिची वेसण आपण निवडून दिलेल्या माणसांच्या हाती हवी. त्यांना जाब विचारायचा, तर कायदा आणि जाहीरनामा आपला आपल्याला वाचता आला पाहिजे.

विचार करू या :
१. नव्या साऱ्याने जपानी शेतकरी का खवळला?
२. ‘रक्ताचा कर’ म्हणजे काय? लोकांनी त्याचा अर्थ काय घेतला?
३. जपानच्या फौजेला कोणी का आवरू शकले नाही?