ओळीतला कर्ता : लॉगलाइनवर अभिप्राय देताना

लॉगलाइन म्हणजे पटकथेचा गाभा एका किंवा फार तर दोन वाक्यांत सांगणारे विधान. कथा कोणाची आहे, त्या व्यक्तीला काय हवे आहे, तिच्या आड काय येते आणि ते न मिळाल्यास तिला काय गमवावे लागेल, एवढे त्यातून कळावे अशी अपेक्षा असते. सारांशात कथेचा शेवट सांगावा लागतो, लॉगलाइनमध्ये तो बहुधा राखून ठेवतात. मजकूर इतका तोकडा असल्यामुळे त्यावर मत देणे कोणालाही सोपे वाटते, आणि नेमक्या याच समजुतीतून दिलेले अभिप्राय लेखकाच्या उपयोगी पडत नाहीत, किंबहुना कधी कधी चांगल्या कथेला भलत्याच वाटेला लावतात.

संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (२००४) हा चित्रपट उदाहरणादाखल घेता येईल. ‘आजोबा आणि नातवाच्या नात्याची हृदयस्पर्शी कथा’ अशी ओळ त्याच्यासाठी कोणी लिहिली, तर ती खोटी ठरणार नाही, पण शंभर चित्रपटांना चालेल. याउलट, ‘डोळ्याच्या कर्करोगातून नातवाचा जीव वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेने त्याची दृष्टी कायमची जाणार हे कळल्यावर, कोकणातून आलेला आजोबा ती जाण्यापूर्वी त्याला जग दाखवू पाहतो’ असे म्हटले, की मुदत, किंमत आणि कृती या तिन्ही गोष्टी एका वाक्यात येतात. पहिल्या ओळीवर ‘धार हवी’, ‘भिडत नाही’ असे शेरे मारणारा वाचक चुकीचे बोलत नसतो, पण लेखकाच्या हाती काही देतही नाही. ‘आजोबा नेमके काय करतो, आणि ते आजच का करावे लागते?’ हा प्रश्न मात्र लेखकाला पुन्हा टेबलापाशी बसवतो. अभिप्रायात प्रश्न आधी यावा आणि सूचना नंतर, किंवा येऊच नये, हे या कामात मुरलेल्यांना अनुभवाने पटते. तयार ओळ लिहून देण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण सफाईदार परकी ओळ हाती आली की नवखा लेखक तीच स्वीकारतो आणि मग त्या ओळीला साजेशी पटकथा लिहू लागतो, जी त्याला मुळात लिहायचीच नव्हती.

हा धोका चारोटीसारख्या परिसरातल्या कथांच्या बाबतीत अधिक गडद होतो. चारोटी हे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचे, एका बाजूला डहाणू आणि दुसऱ्या बाजूला कासा-जव्हारकडे वाट फुटणारे ठिकाण. डहाणू-तलासरीच्या वारली मुलखात विषय शोधायला येणारा पटकथाकार बहुधा याच नाक्यावरून आत शिरतो, आणि तारपा वाद्य, वारली चित्रे व भाबडा आदिवासी एवढी सामग्री त्याच्या वहीत नाक्यावर पोचण्याआधीच नोंदलेली असते. समजा, त्याने १९४५ च्या वारली उठावावर अशी ओळ लिहिली : ‘एक सुशिक्षित शहरी स्त्री वेठबिगारीत पिचलेल्या आदिवासींना जागे करते.’ या लढ्यात वारल्यांबरोबर उभ्या राहिलेल्या गोदावरी परुळेकरांचे कार्य ठाऊक असलेल्या वाचकाला ही ओळ खटकणार नाही, आणि तो फार तर विरोधी पात्र ठळक करा, जमीनदाराला नाव द्या असे सुचवील. अशा वेळी अभिप्राय देणाऱ्याने वाक्याचा कर्ता तपासावा. तो तपासला की वारल्यांच्या वाट्याला केवळ कर्म आले आहे हे दिसते. कथेत ते काही करत नाहीत, त्यांच्यासाठी काहीतरी केले जाते.

इतिहास मात्र वेगळे सांगतो. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे पिढीजात राबणाऱ्या माणसाला त्या काळी लग्नगडी म्हणत, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबत असे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे हजारो वारली परिषदेसाठी जमले. पुढे गवतकापणीच्या मजुरीसाठी त्यांनी संप केला, आणि १० ऑक्टोबरला तलवाडा येथे झालेल्या पोलीस गोळीबारात जेठ्या गांगड व इतर काही जण मारले गेले. परुळेकरांनी या लढ्यावर लिहिलेल्या पुस्तकाच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या शीर्षकातही जागा होणारा माणूस आहे, जागे करणारी व्यक्ती नाही. तेव्हा विचारायचा प्रश्न असा, की गवत कापायला नकार देणारा लग्नगडी ओळीचा कर्ता झाला, तर लेखकाची कथा बदलते का? उत्तर ‘हो, बदलते; मला परुळेकरांचीच कथा सांगायची आहे’ असे असेल, तर तेही वैध मानून पुढचा प्रश्न त्या दिशेने विचारावा. उत्तर ठरवण्याचा अधिकार लेखकाचाच आहे.

कर्ता न तपासणे ही एक चूक; दुसरी उलट दिशेने होते. चारोटीजवळच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्री पौर्णिमेपासून भरते, आणि त्या काळात मध्यरात्री गडाच्या अवघड सुळक्यावर ध्वज चढवण्याचा मान वाघाडी गावातल्या एका घराण्याकडे परंपरेने चालत आला आहे. या मानावर बेतलेली कल्पित ओळ समोर आली, की ‘ध्वज म्हणजे काय ते बाहेरच्या प्रेक्षकाला समजणार नाही’ अशी हरकत हमखास निघते, आणि लेखक बिचारा ओळीत प्रथेची माहिती कोंबू लागतो. वास्तविक प्रथा समजावणे हे ओळीचे कामच नाही. यंदा ध्वज चढला नाही तर घरात आणि गावात कोणाचे काय बिघडेल, एवढे कळले की बाहेरचा प्रेक्षक बाकीचे समजून घेतो.

अर्थात कर्ता आणि हेतू यांची ही कसोटी सगळीकडे लागू पडत नाही. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर, गाण्यातून एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप होतो, पण चित्रपट शाहिराच्या धडपडीपेक्षा तारखांवर तारखा पडणाऱ्या खटल्याचा आणि त्यात गुंतलेल्या वकील-न्यायाधीशांच्या रोजच्या आयुष्याचा आहे. अशा ओळीत ‘नायक सक्रिय करा’ असे सुचवणे म्हणजे चित्रपटाचा विषयच काढून घेणे होय; ओळ कसोटीत बसत नसेल तर आधी कसोटीवर शंका घ्यावी, हे अभिप्राय देणाऱ्यांना सहसा सुचत नाही.

शेवटी एक व्यावहारिक बाब. भारतीय कायद्यात निव्वळ कल्पनेला स्वामित्वहक्काचे संरक्षण नाही, ते कल्पनेच्या मांडणीला आहे. ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. लॉगलाइन ही बव्हंशी कल्पनाच असल्याने ती वाचायला देणारा लेखक वाचणाऱ्याच्या सचोटीवर विसंबलेला असतो. म्हणून निदान सविस्तर सारांश किंवा पटकथा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून मगच ओळ फिरवावी, असा सल्ला अभिप्रायाबरोबर द्यावा. आणि ज्याला तशाच विषयावर स्वतः काही लिहायचे आहे, त्याने ती ओळ वाचण्याआधीच तसे सांगून कागद परत करावा.