मेंदूत पसरलेला कर्करोग : किरणोपचारानंतरचे जगणे

शरीराच्या एका भागातील कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे मेंदूत पोचून तेथे नव्या गाठी निर्माण करतात. फुफ्फुस, स्तन व मूत्रपिंड यांच्या कर्करोगात हे विशेष आढळते. डोकेदुखी, उलट्या, झटके येणे, हातपाय लुळे पडणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी संपूर्ण मेंदूला किरण देणे, म्हणजेच बोलीभाषेत 'लाईट देणे', हा अनेक दशकांचा रूढ उपाय आहे. गाठ किती आकसली हे स्कॅनमध्ये दिसते. रुग्णाचे जगणे कसे झाले ते दिसत नाही. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

जीवनाचा दर्जा कसा मोजतात?
रुग्णालाच विचारून. चालता येते का, झोप लागते का, वाचता-बोलता येते का, लघवीवर ताबा आहे का, पुढची चिंता वाटते का, असे ठरावीक प्रश्न उपचारापूर्वी व नंतर पुन्हा पुन्हा विचारले जातात.

किरणोपचाराचे परिणाम
केस गळतात, थकवा येतो, काही आठवडे गुंगी राहते. काही महिन्यांनी स्मरणशक्ती मंदावू शकते, कारण नवी आठवण साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागालाही किरण लागतात. सूज उतरविण्यासाठी डेक्सामेथासोन देतात. त्याने आराम पडतो, पण रक्तातील साखर वाढते, झोप उडते, मांड्यांतील शक्ती जाते. हे औषध मनाने एकाएकी बंद करू नये.

संशोधन काय सांगते?
२०१६ साली 'क्वार्ट्झ' या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे, शस्त्रक्रियेस योग्य नसलेले ५३८ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना औषधे व शुश्रूषा, निम्म्यांना त्याबरोबर किरणोपचार दिले. मध्यम आयुर्मान अनुक्रमे ८.५ व ९.२ आठवडे भरले. जगण्याच्या दर्जातही ठळक फरक आढळला नाही. मात्र यावरून किरणोपचार निरुपयोगी, असा अर्थ काढणे चूक ठरेल. वय कमी व प्रकृती बरी असलेल्यांना लाभ होण्याची शक्यता त्यातच दिसली.

गाठी एक ते तीन असतील तर केवळ गाठीवर नेमका मारा करता येतो. २०१६ सालच्या अमेरिकेतील एका चाचणीत, तीन महिन्यांनी बौद्धिक क्षमता घटलेल्यांचे प्रमाण अशा रुग्णांत सुमारे ६४ टक्के, तर जोडीला संपूर्ण मेंदूस किरण घेतलेल्यांत सुमारे ९२ टक्के होते. आयुष्य मात्र त्या जादा किरणांनी वाढले नाही. संपूर्ण मेंदूला किरण देणे भागच असेल, तर हिप्पोकॅम्पस वाचवून व मेमँटिन हे औषध देऊन स्मृतीची हानी कमी करता येते, हे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले.

आपण काय विचारावे?
१) गाठी किती आहेत? नेमका मारा शक्य आहे काय?
२) या उपचाराने रुग्णाचा कोणता त्रास कमी होईल?
३) रोजची ये-जा रुग्णाला झेपेल काय?
४) किरण न घेतल्यास वेदनाशामक सेवा कशी मिळेल?

किरणोपचार नाकारणे म्हणजे रुग्णाला सोडून देणे नव्हे. वेदना शमविणे, झटके रोखणे, अंगाची निगा राखणे हेही उपचारच आहेत. हाती थोडे आठवडे असतील, तर ते इस्पितळाच्या बाकावर घालवावेत की घरच्या माणसांत, हे ठरविण्याचा पहिला हक्क रुग्णाचा आहे. त्याला पूर्ण माहिती देऊन त्याचे मत ऐकणे, हे डॉक्टर व नातेवाईक या दोघांचेही कर्तव्य होय.