स्वप्नाचा लगाम कोणाच्या हाती?

समजा, तुम्ही नागापूरला राहता. स्वप्नात तुम्ही सीना नदीच्या काठाने शाळेला निघाला आहात. नदीला पूर आला आहे आणि पाण्यावरून एक एस. टी. सावकाश चालली आहे. खिडकीतून तुमचे गणिताचे गुरुजी हात हलवीत आहेत. तुम्हांला याचे काहीच नवल वाटत नाही. मग एकाएकी मनात येते, 'एस. टी. पाण्यावरून कशी चालेल? हे तर स्वप्न आहे!' आणि हे कळूनही तुम्ही जागे होत नाही. स्वप्न पुढे चालूच राहते.

अशा स्वप्नाला 'सजग स्वप्न' म्हणू या. निरनिराळ्या देशांत पन्नास वर्षांत झालेल्या पाहण्या २०१६ साली एकत्र तपासल्या, तेव्हा सुमारे ५५ टक्के लोकांनी असे स्वप्न आयुष्यात एकदा तरी पाहिल्याचे आढळले. महिन्यातून एकदा किंवा अधिक वेळा ते पाहणारे सुमारे २३ टक्के होते. तेव्हा तुमच्या वर्गातही कोणाला तरी हा अनुभव आलेला असणार.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. 'हे स्वप्न आहे' असे कळले, म्हणजे स्वप्न आपल्या हुकमतीखाली आले का?

जुनी ओळख

स्वप्नाविषयी माणूस फार पूर्वीपासून विचार करीत आला आहे. मांडूक्य उपनिषदात जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय अशा चार अवस्था सांगितल्या आहेत. नागापूर ज्या जिल्ह्यात आहे त्याच अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात, नेवासे येथे, शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्यातही स्वप्न आणि जागेपण यांचे दृष्टांत वारंवार येतात. परंतु हा झाला तत्त्वचिंतनाचा भाग. फ्रान्समधील हर्व्हे द सँ-दनी यांनी स्वतःच्या स्वप्नांच्या नोंदी ठेवून १८६७ साली स्वप्ने कशी वळवावीत यावर पुस्तक लिहिले. पुढे १९१३ साली डच डॉक्टर फ्रेडरिक व्हान एडेन यांनी आपल्या अशा ३५२ स्वप्नांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

यावर शास्त्रज्ञांची शंका रास्त होती. झोपेतून उठल्यावर माणूस जे सांगतो ते खरे कशावरून? तो क्षणभर जागा झाला नसेल कशावरून?

झोपलेल्या माणसाने केलेली खूण

१९५३ साली शिकागो विद्यापीठातील अॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांना आढळले, की झोपेच्या काही काळात मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलत असतात. या झोपेला 'रेम' झोप म्हणतात. ठळक, गोष्टीसारखी स्वप्ने बहुतेक याच वेळी पडतात. रेम झोप साधारण दर ९० मिनिटांनी येते आणि पहाटेकडे तिचा अवधी वाढत जातो. म्हणून पहाटेची स्वप्ने अधिक आठवतात.

रेम झोपेत आणखी एक गंमत घडते. मेंदूच्या तळाकडील भागातून निघालेले संदेश हातापायांचे स्नायू सैल करून टाकतात. त्यामुळे स्वप्नात धावलो तरी आपण अंथरुणातच असतो. मात्र डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल यांचे काम चालू राहते. याच फटीतून शास्त्रज्ञांनी वाट काढली.

इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी अॅलन वर्स्ली या गृहस्थांना आधीच सांगून ठेवले होते : 'स्वप्न आहे असे कळताच डोळे ठरल्याप्रमाणे डावीकडे-उजवीकडे फिरवा.' १९७५ सालच्या एप्रिल महिन्यात ती खूण आलेखाच्या कागदावर उमटली. त्या वेळी मेंदूचा आणि स्नायूंचा आलेख रेम झोपच दाखवीत होता! अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हेच सिद्ध केले आणि १९८१ साली प्रसिद्ध केले. शंका मिटली.

ताबा किती?

आता हिशेब मांडू या. सजग स्वप्नात माणसाला आधी ठरवलेले काम आठवते, आकडे मोजता येतात, चालता येते, उडताही येते. लाबर्ज यांच्या प्रयोगात स्वप्नातील दहा सेकंदांची मोजणी जागेपणीच्या मोजणीइतकाच वेळ घेते, असे दिसले. पुढे जर्मनीतील प्रयोगात स्वप्नात बैठका काढायला सांगितले. त्यांना मात्र जागेपणापेक्षा जास्त वेळ लागला.

आता मर्यादा पाहा. हर्न यांनी स्वप्नात दिव्याचे बटण दाबायला सांगितले. पुष्कळांना दिवा लावताच येईना! लख्ख उजेड एकदम निर्माण करणे स्वप्नाला अवघड जाते. २०२१ साली अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्स येथील प्रयोगशाळांनी ३६ जणांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. झोपलेल्या माणसाला आठातून सहा वजा करण्यासारखे सोपे प्रश्न विचारले आणि उत्तर डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या स्नायूंच्या खुणेने घेतले. १५८ वेळा प्रश्न विचारले. स्पष्ट बरोबर उत्तर मिळाले ते सुमारे १८ टक्के वेळा. बहुतेक वेळा उत्तरच आले नाही. आठातून सहा गेले की दोन उरतात, हे न येणारा त्यांत कोणी नव्हता; पण स्वप्नात तेवढेही सदैव हाती लागत नाही.

असे का होते? रेम झोपेत भावनांशी निगडित असलेले मेंदूचे भाग जोरात काम करतात. कपाळामागचे, तर्क आणि पारख करणारे काही भाग मंदावतात. सजग स्वप्नात पारख थोडी परत येते, पण देखावा रचणारे काम पडद्याआड चालूच असते. बैलगाडी हाकणारा कासरा ओढून बैलांना वळवतो. पण रस्ता तो बनवीत नाही आणि बैलांचे पायही तो हलवीत नाही. सजग स्वप्नातील आपला ताबा तसा आहे. जाणीव निराळी आणि हुकमत निराळी. पहिली आली की दुसरी येतेच असे नाही.

सांभाळून!

'हे स्वप्न आहे का' ते पाहण्यासाठी काही जण दिवसा चाचण्या करतात. छापलेली ओळ दोनदा वाचणे ही चांगली चाचणी. स्वप्नात अक्षरे बहुधा बदलतात. पण उंचावरून उडी मारणे, विस्तवाला हात लावणे, रस्त्यात वाहनासमोर थांबणे असली परीक्षा कधीही करू नये. तुम्ही जागे असाल, तर चूक सुधारायला दुसरी संधी नाही.

सजग स्वप्नासाठी मध्यरात्री गजर लावून उठण्याची युक्ती काही जण सांगतात. ती तुमच्यासाठी नाही. तुमच्या वयाला रोज आठ ते दहा तास झोप हवी. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून येणाऱ्या कोणालाही विचारा. मोडलेली झोप दिवसा भरून काढणे किती कठीण असते, ते त्यांना ठाऊक असते. घरी असे कोणी दिवसा झोपले असेल, तर आवाज न करणे हीसुद्धा विज्ञानाची जाण आहे.

एकच भीतिदायक स्वप्न पुन्हापुन्हा पडते का? त्यासाठी सजग होण्याची वाट पाहायला नको. दिवसा ते स्वप्न कागदावर लिहा, त्याचा शेवट तुम्हांला हवा तसा बदला आणि नवी गोष्ट रोज काही मिनिटे डोळ्यांसमोर आणा. डॉक्टरही दुःस्वप्नांवर हा उपाय वापरतात व अनेकांना त्याचा गुण येतो. तरीही त्रास थांबला नाही, तर आईवडिलांना सांगा, डॉक्टरांना भेटा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

करून पाहा

उशाशी वही ठेवा. सकाळी उठताच, अंथरूण सोडण्यापूर्वी, आठवेल ते स्वप्न चार ओळींत लिहा. पंधरा दिवसांनी वही वाचून 'जागेपणी अशक्य' अशा गोष्टींखाली रेघ मारा. त्यांतली किती विसंगती तुम्हांला स्वप्नातच खटकली होती, ते मोजा.

विचार करा

१. शास्त्रज्ञांनी खुणेसाठी हाताऐवजी डोळे का निवडले?
२. जाग आल्यावर सांगितलेली हकीकत आणि आलेखावरची खूण, यांत अधिक भक्कम पुरावा कोणता? का?
३. रोज नेहमीपेक्षा दोन तास लवकर उठणाऱ्या मुलाची कोणती झोप अधिक बुडेल?