लॉगिन झालं, पण परवानगीचं काय?

आपल्यापैकी बरेच जण डिग्री हातात पडायच्या आधीच गावातल्या दुकानाची नाहीतर शाळेची वेबसाइट वर्डप्रेसवर बनवून देतात. फॉर्म, गॅलरी, बॅकअपसाठी आपण प्लगइन टाकतो आणि विसरतो. पण प्लगइनचा कोड साइटच्या पूर्ण डेटाबेसपर्यंत पोहोचतो.

ऑथेंटिकेशन म्हणजे तुम्ही कोण, हे तपासणे. ऑथोरायझेशन म्हणजे हे काम करायचा तुम्हाला हक्क आहे का, हे तपासणे. आपल्या सेलू तालुक्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पाचं तिकीट काढलं की सफारीला जाता येतं. त्याच तिकिटावर वनखात्याचं रजिस्टर खोडता येत नाही.

डेव्हलपर सेव्हचं बटण फक्त ॲडमिनच्या पानावर ठेवतो आणि निश्चिंत होतो. पण रिक्वेस्ट पाठवायला बटण लागतच नाही. २०१८ साली डब्ल्यूपी जीडीपीआर कंप्लायन्स या प्लगइनमध्ये हेच झालं. सेटिंग बदलताना हक्क तपासलाच जात नव्हता. हल्लेखोरांनी नोंदणी खुली केली, नव्या यूजरचा दर्जा ॲडमिनिस्ट्रेटर ठेवला आणि ते साइटचे मालक झाले.

तपासणी अर्धवट असली तरी तेच. पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स कंपनीचं ऑटोकिट, म्हणजे पूर्वीचं शुअरट्रिगर्स, एक लाखाहून जास्त साइट्सवर होतं. ते आलेली की साठवलेल्या कीशी जुळवून बघायचं. प्लगइन चालू करून की भरलीच नसेल, तर साठवलेली की रिकामी. हल्लेखोरानेही रिकामी पाठवली की दोन्ही जुळल्या! मग ॲडमिनचं नवं खातं उघडता येई. एप्रिल २०२५ मध्ये आवृत्ती १.०.७९ ने हे दुरुस्त केलं. पण तपशील जाहीर होताच काही तासांत हल्ले सुरू झाले.

प्लगइन लिहिताना हे लक्षात ठेवा :

१. प्रत्येक महत्त्वाच्या फंक्शनच्या सुरुवातीलाच 'करंट यूजर कॅन' वापरून हक्क तपासा.

२. 'इज ॲडमिन' हे नाव फसवं आहे. रिक्वेस्ट ॲडमिन विभागाकडे आहे का, एवढंच ते सांगतं. माणूस ॲडमिन आहे का, हे नाही.

३. नॉन्स म्हणजे हक्क नव्हे. तो दुसऱ्या साइटवरून घडवलेली खोटी रिक्वेस्ट अडवतो.

४. की रिकामी असेल तर सरळ नकार द्या.

आणि वापरात नसलेलं प्लगइन काढून टाका, बाकीचे अपडेट करा. शाळेच्या साइटवर मुलांची नावं आणि पालकांचे मोबाइल नंबर असतात. ते त्यांनी आपल्या भरवशावर दिलेले असतात, हे साइट सोपवून झाल्यावरही विसरू नका.