दहावी राहिली, नोकरी सुटायला नको

प्रश्न : माझा भाचा १७ वर्षांचा. नववीनंतर शाळा सोडून परळला गॅरेजात लागलाय. आता दहावी करायची म्हणतो, पण काम सोडणं परवडणारं नाही. काय करावं?

उत्तर : ताई, काम सोडायची गरज नाही. मुंबईत रात्रशाळा आहेत आणि त्या कामकरी पोरांसाठीच आहेत. २००८पासून ‘मासूम’ ही संस्था अशा शाळांना हात देते. तिथे पुस्तकांइतकाच मोलाचा असतो तो संध्याकाळचा खाऊ. हाताला ग्रीस लागलेला, दुपारी वडापावावर भागवलेला मुलगा सात वाजता बाकावर बसला की आधी पोट बोलतं, मग बीजगणित. शिवाय फिरती प्रयोगशाळा येते, दहावीनंतर पुढे काय करायचं याबद्दलही मार्गदर्शन मिळतं.

रात्रशाळा लांब पडत असेल, तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगीरीत्या बसता येतं. पण खरं सांगू? एकट्यानं अभ्यास करणारी मुलं गणित-इंग्रजीत अडकतात. सोबत कोणी शिकवणारं नसेल तर हा मार्ग मी सुचवणार नाही.

शाळा सोडल्याचा दाखला आजच शोधायला घ्या. जुन्या शाळेत हेलपाटे पडतात, त्यात फॉर्मची मुदत निघून जाते. एखाद-दुसरा विषय राहिला तरी घाबरू नका, एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो.

आणि गॅरेजमालकाशी तुम्हीच बोला. परीक्षेच्या महिन्यात सहाला सुट्टी मिळाली, तरी पुष्कळ.